म्हैसाळच्या पुढच्या पाट्या

सुगीत माणूस गेलं की रडायलाही सवड होत नाही. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, नोव्हेंबरात गेल्या. भात कापून शेतात पडलेलं, वर आभाळ धरलेलं. बारावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खळ्यावर. मळणीच्या मशीनच्या आवाजात मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या जावेलाही ऐकू गेलं नाही.

चौकात फ्लेक्स लागला. एका लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला चेहरा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वर्षभरात त्याच खांबांवर असे चार फ्लेक्स लागले होते आणि चारही जण आमच्या माघवारीच्या दिंडीतले. चाळीसच्या वर माघवाऱ्या केलेले वीणेकरी काका. दोनशे माणसांचा स्वयंपाक अंगावर घेणारे आचारी मामा. सामानाचा टेम्पो चालवणारा, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेला चोवीस वर्षांचा पोरगा. आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आत्या.

बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव. पावसाळ्यात भात आणि रताळी, भातानंतर त्याच ओलीवर मसूर. आषाढीला आमचा पाय लावणीच्या चिखलात असतो, म्हणून आमच्याकडं माणसं निघतात ती माघीला. अकरा दिवस, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मी लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी आत्यांना वेशीपर्यंत पोचवलं होतं, पुढं कधी गेले नव्हते. जनावरं, पोरं, स्वयंपाक. कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं.

पौषात शेजारच्या मावशी आल्या. आत्यांच्या जोडीनं चालणाऱ्या त्या. म्हणाल्या, "तुळस कोण घेणार गे यंदा?" मी म्हटलं, "अजून वर्ष झालं नाही मावशी." "वारीला सोयर नाही आणि सुतक नाही. तू चल की." एवढंच बोलल्या आणि चहासुद्धा न घेता गेल्या.

तुळशीच्या वृंदावनाखाली ठेवायची चुंबळ आत्यांची होती. त्यांच्याच जुन्या इरकली लुगड्याची, हिरवी, काठाचा लाल पदर वरून गुंडाळलेला. इतक्या वर्षांत ती त्यांच्या डोक्याच्या आकाराची झाली होती. एका अंगाला चपटी, दुसऱ्या अंगाला फुगीर, खोबरेल आणि बुक्क्याचा वास. ती डोक्यावर ठेवून काकती ओलांडली आणि वंटमुरीचा घाट चढेपर्यंत माझ्या कानामागं ठणका लागला. वृंदावन सारखं डावीकडं कलत होतं. मी कुणाला बोलले नाही, खरं मावशींनी बघितलंच. यमकनमर्डीच्या विसाव्याला त्यांनी चुंबळ मागून घेतली. "तिचं डोकं लहान होतं, तुझं मोठं. सोडून परत बांधायला पाहिजे." मी नको म्हणाले. सोडली की तो आकार गेला, मग आत्यांच्या डोक्याचं माप जगात दुसरीकडं कुठंच राहणार नव्हतं. मावशी थांबल्या. पाणी प्यायल्या. अर्ध्या तासानं निघायची वेळ झाली तेव्हा मीच पदराचं टोक सोडलं. आतली घडी बाहेरच्यापेक्षा गडद हिरवी होती, नव्यासारखी. मावशींनी माझ्या डोक्यावर धरून ती परत वळली.

हत्तरगीपासून आम्ही महामार्ग सोडून हुक्केरीच्या वाटेला लागतो. तिथून चिक्कोडीपर्यंत बहुतेक वस्ती कन्नड बोलणारी, आणि जेवायला बसवून वाढावं ते त्यांनीच. एका वाडीत दर वर्षी दुपारची पंगत असते. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाई. "बर्री, ऊटा माड्री" म्हणत बाया हाताला धरून ओळीत बसवतात. त्या घरची म्हातारी वृंदावनाकडं बघत आली, मग खाली माझ्या तोंडाकडं बघितलं. "अत्ती बंदिल्लेन?" सासू आली नाही का? कन्नडात सासूला अत्ती म्हणतात. आपल्या 'आत्या'च्या किती जवळचा शब्द. मी मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं. तिनं काही विचारलं नाही. माझ्या डोक्यावरची तुळस उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि वेशीच्या मारुतीपर्यंत आमच्याबरोबर अनवाणी चालत आली. आत्यांना कन्नड येत नव्हतं, हिला मराठी येत नाही. सतरा वर्षं दोघी वर्षातून एकदा दीडदोन तास भेटत होत्या. काय बोलत असतील?

अंकली आलं की दिंडीतली जुनी माणसं नव्यांना हटकून सांगतात की माउलींचे अश्व इथले. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढं जे घोडे रिंगणात धावतात, ते इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघून चालत आळंदीला जातात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळा बांधला, तेव्हापासूनचा हा मान. बेळगाव जिल्ह्यातून घोडे गेल्याशिवाय आळंदीची पालखी हलत नाही, हे आमच्या लोकांना किती मोलाचं वाटतं ते बाहेरच्याला कळायचं नाही.

त्याच अंकलीला कृष्णा. या नदीवर आमच्या दिंडीची एक रीत आहे, फार जुनी नव्हे. २०२० आणि २०२१ ला गावात माणसं गेली तेव्हा खांदा द्यायला चौघं मिळत नव्हते, बाराव्याला घरचेच चारपाच. त्यानंतर पहिल्यांदा दिंडी निघाली त्या वर्षी वीणेकरी काका या घाटावर थांबले आणि म्हणाले, ज्याचं जे माणूस गेलं त्याचं नाव इथं मोठ्यानं घ्या. कृष्णेला सांगा. तेव्हापासून दर वर्षी. नाव घ्यायचं, आणि त्या माणसाची एक गोष्ट सांगायची, वारीत घडलेली. बाकी मोठेपण नको. यंदा त्यात काकांचंच नाव होतं.

टेम्पोवाल्या पोराचं नाव त्याच्या मित्रानं घेतलं. पोराची आई आली नव्हती, तिला घरातून बाहेर पडवत नाही. मित्रानं फोन लावून हात वर धरला होता, तिला ऐकू जावं म्हणून. रात्री सगळे झोपल्यावर तो पोरगा टेम्पोच्या दिव्यात म्हाताऱ्यांच्या टाचांच्या भेगांना मेण लावायचा, असं मित्र म्हणाला. फोनमधून काहीच आवाज आला नाही. फोन चालू होता तेवढं दिसत होतं.

मग आचारी मामांचं नाव घ्यायला त्यांचा धाकटा भाऊ पुढं झाला, आणि घाटावर कुणी खोकलंसुद्धा नाही. बांधावरून दोघांचं चौदा वर्षं बोलणं नव्हतं. कोर्टात केस. एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेले नाहीत. दिंडीत मात्र दोघंही यायचे, आणि वारकरी म्हटल्यावर रोज सकाळी काकड्यानंतर एकमेकांच्या पाया पडायचे. वारीचा नेमच तो. समोर कोण आहे हे बघायचं नाही, माउली म्हणायचं आणि वाकायचं. चौदा वर्षं हे दोघं भाऊ दर माघात अकरा दिवस एकमेकांच्या पायावर डोकं ठेवत होते आणि घरी परतल्यावर तोंड फिरवत होते. आचारी मामा तसे कडकच. पानात भात टाकला तर पोराबाळांसमोर बोलायचे. मला एकदा गावजेवणात पीठ सैल भिजवलं म्हणून त्यांनी रडवलं होतं, ते मी विसरलेले नाही.

धाकटे भाऊ म्हणाले, "मला आंबट चालत नाही. लहानपणापासून. पित्त होतंय. पंगतीत आमटी चिंचेची असायची. माझ्या पुढ्यात मात्र दर वर्षी चिंच न घातलेली आमटी यायची, वेगळ्या पातेल्यातली. वाढणारं पोर बदलायचं, आमटी तीच. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही." एवढं बोलून ते पाण्यात उतरले आणि बराच वेळ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. संध्याकाळी मुक्कामाला मोठी पळी त्यांच्या हातात होती. आमटी फार काही बरी झाली नव्हती. सगळ्यांनी दोनदा मागून घेतली.

आत्यांचं नाव मी घेतलं. गोष्ट मात्र सांगता आली नाही, कारण वारीतली त्यांची एकही गोष्ट मला माहीत नव्हती. परत आल्या की त्या प्रसाद वाटायच्या, पाय शेकत बसायच्या आणि म्हशीनं दूध किती दिलं ते विचारायच्या. मावशी म्हणाल्या, "असू दे. म्हैसाळ येऊ दे."

कागवाड संपलं की म्हैसाळ, तिथं कर्नाटक मागं राहतं. मावशींनी माझा दंड धरला आणि रस्त्याकडेच्या पाटीकडं बोट केलं. "वाच."

मी वाचलं.

"तुझी आत्या इथनं सुरू करायची. पंढरपूरपर्यंत एक पाटी सोडायची नाही."

मला आधी समजलंच नाही. आत्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. बँकेत अंगठा द्यायच्या. माझा मुलगा रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचा, अगदी भाताचे दर आणि निधनवार्तासुद्धा, आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

मावशी चालता चालता सांगत राहिल्या. तिसऱ्या की चौथ्या वारीला आत्यांनी वीणेकरी काकांना एका पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. काकांनी सांगितलं नाही, पहिलं अक्षर ओळखायला लावलं. आमच्याकडच्या पाट्या बहुतेक कन्नड, त्यामुळं मराठी अक्षरं अशी रस्त्यावर ओळीनं भेटायची ती म्हैसाळपासून पुढं. अकरा दिवसांतले शेवटचे पाचसहा दिवस ही त्यांची शाळा. काका गळ्यात वीणा अडकवून पुढं, आत्या तुळस घेऊन मागं. 'पुढे वळण आहे.' 'रसवंती गृह.' 'ठिबक सिंचन.' मान वळवता येत नाही डोक्यावर वृंदावन असताना, म्हणून नुसते डोळे फिरवून वाचायच्या. वर्षभर घरी एक अक्षर गिरवायचं नाही, आणि पुढच्या माघाला जिथं सोडलं तिथनं धरायचं.

मिरज सोडून कवठेमहांकाळकडं निघालं की द्राक्षांचा मुलूख. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी उपसून या दुष्काळी भागात आणलं आहे. बागांना पाणी आणि पाटीपाटीवर 'द्राक्ष'. "त्या क्ष ला तुझी आत्या तीन वर्षं अडली होती," मावशी म्हणाल्या. "क पण नाही आणि ष पण नाही, हे कसलं अक्षर म्हणून चिडायची. काकांना म्हणायची, हेच मला पाहिजे, बाकीचं राहू दे." आत्यांच्या नावातच क्ष आहे.

मी विचारलं, मग पेपर का वाचून घ्यायच्या? मावशी हसल्या. "नातू वाचतोय ते ऐकायला बरं वाटायचं की गे तिला. मी वाचायला लागले तर तो उठून खेळायला जाईल म्हणायची." बँकेत अंगठाच का द्यायच्या, ते मावशींनाही माहीत नाही.

त्या दिवसापासून मी पाट्या मोठ्यानं वाचत चालले. नागजपर्यंत घसा बसला.

जुनोनीजवळ दिंडी गप्प होते. ३१ ऑक्टोबर २०२२ ला, कार्तिकीच्या वेळी, इथं एक गाडी मागून दिंडीत घुसली आणि कोल्हापूरकडचे सात वारकरी गेले. आमची ओळख ना देख. तरी टाळ बंद करून सगळे रस्त्याच्या कडेला उतरतात आणि मातीला हात लावून पुढं जातात. आता मागं लाल झेंडा आणि बॅटरी घेतलेली दोन पोरं असतात.

सांगोला, मग पंढरपूर. चंद्रभागेत बुडी, पुंडलिकाचं दर्शन, आणि महाद्वाराशी नामदेवांची पायरी. तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललेलं असताना ते कूस अंगावर पडून चोखोबा आणि बरोबरचे मजूर गाडले गेले. नामदेव तिथं गेले आणि ढिगाऱ्यातलं हाड न् हाड कानाला लावत बसले. ज्यातून विठ्ठल ऐकू आला ते चोखोबांचं म्हणून उचललं आणि इथं आणून ठेवलं, असं कीर्तनात सांगतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. यंदा मला नामदेवांचे हात दिसले, माती झटकणारे, एकेक हाड उचलून कानाशी नेणारे.

निघायच्या आदल्या रात्री मठात भिशीचा, म्हणजे दिंडीतल्या जेवणाच्या वर्गणीचा, हिशेब असतो. दर वर्षी प्रत्येकाचे पैसे वहीत लिहून समोर सही घेतात. हिशेब बघणाऱ्या तात्यांना मी जुनी वही मागितली. कंदिलासारखा पिवळा बल्ब, वहीच्या कोपऱ्यांना तेलाचे डाग. आत्यांच्या नावापुढं २००९ ला अंगठा. २०१० ला अंगठा. निळा, थोडा घसरलेला. असे सात. २०१६ च्या ओळीत अंगठा नाही.

तिथं सही आहे. पेन इतका दाबलाय की मागच्या पानावर उठलाय. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी, जोडलेली नाही. आणि मधला क्ष बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट, दोनदा गिरवलेला, द्राक्षाच्या पाटीवर असतो तसा.

मी त्यावरून बोट फिरवत बसले. तात्यांनी यंदाचं पान उघडून पेन पुढं केलं. आत्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलेलं होतं, वरचं खोडलेलं नव्हतं.