मुतखडा, कॅज्युअल्टी आणि सव्वीस रुपयांचं इंजेक्शन

रात्री दोनला उजव्या कुशीत कळ आली. गॅस असेल म्हणून ओवा चावला. अडीचला मी बाथरूमच्या फरशीवर ओणवी, कळ जांघेत उतरलेली आणि उलट्या चालू. माझी दोन बाळंतपणं झालीत, पण तिथं दोन कळांच्या मधे श्वास तरी घेता येतो. ही कळ सोडतच नव्हती. बसलं तरी तेच, आडवं पडलं तरी तेच.

ह्यांनी स्कूटरवर मागं बसवून एका खासगी हॉस्पिटलात नेलं. कराडात स्पीडब्रेकर किती आहेत, ते मला त्या रात्री कळलं. कॅज्युअल्टीत आधी दहा हजार डिपॉझिट, मग डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि सलाईन. वीस मिनिटांत मी माणसात आले. सोनोग्राफीवाले सकाळी दहाला येणार होते, म्हणून सीटी स्कॅन. त्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट. बेचाळिसाव्या वर्षी हे काय, म्हणून मी चिडले, पण क्ष-किरणांआधी ती करतातच. रिपोर्ट आला: मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते तिथंच साडेचार मिलिमीटरचा खडा.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. घोळ पुढं झाला. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "एवढा खडा बहुतेक आपोआप पडतो. गोळ्या घेऊन घरी जाऊ शकता." तेवढ्यात काउंटरवरून विचारणा, "ताई, मेडिक्लेम आहे ना? मग चोवीस तास अ‍ॅडमिट राहावं लागेल." आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. दर वर्षी हप्ता भरतोय, तर वसूल होऊ दे! सेमी-प्रायव्हेट रूम घेतली.

सकाळी क्लेमचा डेस्क उघडला. कॅशलेसचा, म्हणजे बिल परस्पर विमा कंपनी भरणार की नाही याचा, निर्णय कंपनीनं तासाभरात द्यायचा, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. तो त्यांनी अगदी पाळला. तासाच्या आत उत्तर आलं, नाही म्हणून. माझी पॉलिसी चौदा महिन्यांची. मुतखड्याला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळत नाही, हर्निया आणि मोतीबिंदूच्याच यादीत लिहिलेला. मी पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासते. लोकांना "बारीक अक्षर वाचा" असं दिवसातून दहादा सांगते.

बिल झालं १८,८२० रुपये. तपशीलवार बिल मागितलं. ते मागायचा आपल्याला हक्क आहे, मागितल्याशिवाय मात्र एकच आकडा हातात पडतो. सीटी ५,२००, रूम ३,५००, इमर्जन्सी चार्ज १,५००. ज्या इंजेक्शननं कळ थांबली ते २६ रुपये. हातमोज्यांचे बारा जोड! बोट ठेवून विचारल्यावर ६४० रुपये कमी झाले. २०२१ च्या नियमांप्रमाणे लावायचं दरपत्रकही होतं, लिफ्टशेजारच्या कुंडीमागं.

चौथ्या दिवशी पुन्हा तीच कळ. या वेळी रिपोर्ट पिशवीत टाकून सरळ उपजिल्हा रुग्णालय गाठलं. पंख्याला आवाज होता, बाकावर जागा नव्हती, नंबर यायला चाळीस मिनिटं गेली, आणि त्या कळेत चाळीस मिनिटं म्हणजे काय ते लिहून सांगता येणार नाही. पण इंजेक्शन तेच, आराम तोच. केसपेपरपासून औषधापर्यंत पैसा लागला नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हे मला त्या बाकावर शेजारच्या आजींनी सांगितलं. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट बघून पुन्हा सीटी काढला नाही. एवढंच बजावलं, "थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर घरी एक मिनिट थांबायचं नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू झाले तर जिवावर बेततं."

सासूबाईंचं हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं चालूच होती. मी कढण घेतलं, गोळ्या सोडल्या नाहीत. श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही.

रोज लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळत होते. अकराव्या दिवशी सकाळी गाळणीत टक् असा बारीक आवाज झाला. तपकिरी, खडबडीत, ज्वारीच्या दाण्याहून जेमतेम मोठा. डबीत घालून लॅबला दिला: कॅल्शियम ऑक्झलेट. ह्यांनी गाळणी टाकून दिली आणि नवी आणली. तिच्या दांडीला सासूबाईंनी लाल दोरा बांधलाय, चहाची ओळखू यावी म्हणून.