‘समजलं ना?’ विचारून काही कळत नाही

नागपुरातली सरकारी रुग्णालयं, मेडिकल असो की मेयो, ओपीडीत चिठ्ठी देताना डॉक्टर विचारतात, “समजलं ना?” पेशंट म्हणतो, “हो जी.” या ‘हो’वर विसंबू नका. मागे रांग असते, बालाघाट-छिंदवाड्याहून आलेल्याला परतीची गाडी गाठायची असते, आणि डॉक्टरांसमोर ‘नाही समजलं’ म्हणायची हिंमत फार थोड्यांना होते.

त्यापेक्षा असं म्हणा: “मी नीट सांगितलं की नाही, ते मला पाहायचंय. घरी ही गोळी कशी घेणार, सांगा बरं.” पहिलं वाक्य गाळू नका; नाहीतर परीक्षा घेतल्यासारखं वाटून माणूस ओशाळतो. उत्तर चुकलं तर तेच मोठ्या आवाजात सांगून उपयोग नाही. शब्द बदला आणि पुन्हा वदवून घ्या.

शुगरच्या ग्लिमेपिराइडचं बघा. चिठ्ठीवर ‘१-०-०, जेवणाआधी’, म्हणजे फक्त सकाळी एक. पेशंट नेमाने घेतो. नवरात्राच्या उपासातही घेतो, आणि जेवतच नाही. दुपारी दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. पोट रिकामं असलं तरी ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. शुद्धीत असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची, हेही घरच्यांना ठाऊक नसतं. मग ‘गोळी गरम पडली’ म्हणून औषध सुटतं आणि डॉक्टरही बदलतो. विश्वास असा घरी तुटतो, ओपीडीत त्याचा पत्ताही लागत नाही. “उपासाच्या दिवशी काय करता?” एवढं आधी विचारलं असतं तर त्या दिवसाचा डोस तेव्हाच ठरला असता.

बीपीतही तेच. “बीपी नॉर्मल आहे” एवढंच सांगितलं की पेशंट गोळी बंद करतो. “गोळीमुळे नॉर्मल आहे, चालू ठेवा,” असं पूर्ण सांगायला हवं.

यात वेळ जातो, हे खरं. पण पेशंटला न तोडता बोलू दिलं तर तो सरासरी 92 सेकंदांत थांबतो, असं 2002 च्या एका स्विस अभ्यासात आढळलं होतं.

इन्सुलिन देताना “फ्रिज आहे ना?” असं विचारू नका, नसलं तरी लाजेने ‘हो’ येतं. “मे महिन्यात कुठे ठेवणार?” असं विचारा. “माठाजवळ,” असं उत्तर आलं तर तिथूनच पुढे सांगता येतं: बाहेरून ओलं ठेवलेलं मातीचं मडकं, सावलीत, आणि बाटली कोरडी राहील अशी पिशवीत.