घर बंद करताना

फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातलं आमचं दगडी घर आज हिवाळ्यासाठी बंद केलं. आधी मेन कॉक बंद, मग सगळे नळ उघडे; पाइपात पाणी राहिलं तर थंडीत गोठून पाइप फुटू शकतो. एका वर्षी स्वयंपाकघरभर पाणी झालं होतं. २०२३ पासून राहत्या घरावरचा निवासकर गेला, दुसऱ्या घराचा मात्र भरावाच लागतो. भरते, फार जीव गुंतलाय इथे.

शेजारच्या आजी शेवंतीच्या कुंड्या घेऊन निघाल्या होत्या. १ नोव्हेंबरला इथे ती कबरींवर ठेवतात. आपल्याकडे हीच शेवंती देवीच्या हारात!

त्यांनी किल्ली ठेवून घेतली आणि पिशवीभर अक्रोड हातात दिले, त्यांच्याच झाडाचे. पॅरिसला पोचेपर्यंत मांडीवरून पिशवी खाली ठेववली नाही.