तोदोस सांतोसला जाताय? आधी बसचं ऐका

तोदोस सांतोस हे ग्वाटेमालातलं डोंगरातलं गाव. तिथली बस वेवेतेनांगो शहरातून सुटते आणि त्या स्टँडवर जो तो सांगतो, "दोन तासांत पोचाल." अजिबात विश्वास ठेवू नका. चार धरून चला.

बस म्हणजे अमेरिकेत शाळेची मुलं ने-आण करून म्हातारी झालेली, इथे भडक रंगवलेली गाडी. दोघांच्या बाकावर तिघं. माझे गुडघे पुढच्या बाकात रुतलेले आणि ड्रायव्हर धुक्यातल्या वळणावर ओव्हरटेक करतोय. घाट 3,000 मीटरच्या वर पठारावर जातो आणि पाकिश फाट्यावरून तोदोस सांतोसच्या दरीत उतरतो. उतारावर खिडकीची जागा नकोच; दरी बघून पोटात गोळा येतो. वांती होणाऱ्यांनी गोळी स्टँडवरच घ्यावी.

त्यात भाडं. कंडक्टरने माझ्याकडून सरळ दुप्पट घेतलं, वर सुटे नाहीत म्हणाला. शेजारची बाई किती देते ते आधी बघा आणि तेवढेच केत्साल (इथलं चलन) हातावर ठेवा. मोठी नोट दाखवलीत की संपलं.

गाव सुमारे 2,500 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या कितीतरी वर. "ग्वाटेमाला गरम असतं" म्हणणाऱ्यांना इथे एक रात्र ठेवा. जाड जॅकेट, कानटोपी हवीच. घरमालकांकडे चुह, म्हणजे वाफेची खोली, असेल तर पैसे देऊन घ्या. जेवायला टॉर्टिया, काळा घेवडा, अंडी. शाकाहाऱ्यांचं निभतं.

लोक माम भाषा बोलणारे. पुरुष आजही लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार आणि भरतकामाच्या कॉलरचा सदरा घालतात, तेही रोजच्या कामाला. म्हणून लगेच कॅमेरा काढायचा नाही. लहान मुलांचे फोटो तर विचारूनही नकोत. एप्रिल 2000 मध्ये परके लोक मुलं पळवतात या अफवेवरून इथल्या बाजारात जमावाने एक जपानी पर्यटक आणि एक ग्वाटेमालन बसचालक ठार मारला. 2018 साली धुळ्याच्या राईनपाड्यात असंच घडलं, तेव्हा "मागास लोक" वगैरे बोलायला आपल्याला तोंड नाही. मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, पण मी कॅमेरा पिशवीतच ठेवला.

ला तोरे शिखर (3,837 मीटर) नक्की करा. ज्वालामुखी सोडले तर मध्य अमेरिकेतलं सर्वांत उंच ठिकाण. पहाटेच्या बसने ला व्हेंतोसाला उतरायचं आणि वर चढायचं. सह्याद्रीत फिरणाऱ्याला वाट सोपी, दम मात्र विरळ हवेने लागतो. दुपारी ढग आले की वर फक्त टॉवर दिसतात. सकाळी मला दक्षिणेला ज्वालामुखींची अख्खी रांग दिसली आणि बसवाल्याला मी तेवढ्यापुरतं माफ केलं.

बाजार शनिवारी. 1 नोव्हेंबरच्या घोडदौडीला जिंकणं-हरणं नसतं. स्वार दिवसभर एकाच रस्त्यावर इकडून तिकडे पळतात आणि दोन्ही टोकांना दारू पितात. कडेला उभं राहायचं तर कुंपणाच्या मागेच. त्या आठवड्यात गाव तुडुंब भरतं, खोली पक्की झाल्याशिवाय वेवेतेनांगो सोडू नका.