प्राणायामाची नोंद: रेचक, कापूस आणि बारा अंगुळं

मंडळी, या खेपेची प्रगती सगळी रेचकात, म्हणजे श्वास सोडण्यात आहे. नाडीशोधन, म्हणजे नाकपुड्या आलटून पालटून श्वास, पूरक (श्वास घेणं) चार मात्रा, म्हणजे मोजणीतले चार आकडे, रेचक सहा, कुंभक (श्वास रोखणं) नाही. शेवटच्या दोन मात्रांना पोटात थरथर व्हायची ती गेली आणि पुढचा पूरक आता घाईने ओढला जात नाही, माझ्या मते खरी खूण हीच, मात्रा किती वाढल्या ते नंतर.

घेरंड संहितेत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, श्वासाचं माप अंगुळांत, म्हणजे बोटांच्या रुंदीत दिलंय. बाहेर पडणारा श्वास एरवी 12 अंगुळं जातो, म्हणजे एक वीत, गाताना 16, जेवताना 20, चालताना 24, झोपेत 30, व्यायामात तर आणखी जास्त. आणि ही लांबी कमी झाली की आयुष्य वाढतं, वाढली की घटतं असं सरळ म्हटलंय. प्राण म्हणजे रोज खर्च होणारी, बोटांनी मोजता येणारी गोष्ट, हा विचार मला फार भारी वाटतो. पतंजलीही योगसूत्रात देश (श्वास कुठवर जातो), काल, संख्या तिन्ही बघायला सांगतात, पण आपण काल आणि संख्याच मोजत बसतो.

म्हणून आईच्या वातींच्या कापसातून एक बारीक पुंजका पिंजून घेतला, चिमटीत धरून नाकपुडीखाली हळूहळू लांब नेत गेलो. पंखा आणि खिडकी बंद करायची, नाहीतर नाशकातला सकाळचा गार वाराच तो हलवतो. एरवीच्या श्वासाला वीतभर अंतरावरही तंतू हलतात, सावकाश रेचकात मात्र चार बोटांवर जेमतेम थरथरतात!

चार आणि सहा म्हणजे सेकंदाची मात्रा धरली तर मिनिटाला सहा श्वास. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ख्रिस्ती लोकांची लॅटिन जपमाळ म्हणा नाहीतर ओम मणि पद्मे हुम्, श्वास याच गतीला येतो आणि रक्तदाब सावरणारा बॅरोरिफ्लेक्स सुधारतो. रेचकात हृदयाचे ठोके मंदावतात ते मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे, मनगटावर बोट ठेवलं तर कळतं. यातून आयुष्य वाढल्याचं सिद्ध होत नाही, पण जुन्या लोकांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं एवढं नक्की.

नाशकातल्या पांडवलेणीच्या, बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढल्यावर वर विहारात टेकतो आणि श्वास वीतभरावर परत कधी येतो ते नुसतं बघतो, काही करत नाही. हे आनापान झालं, इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात आधी तेच शिकवतात. दोन्ही करावं, एकाने दुसरं बिघडत नाही.

पुढचा टप्पा चारास आठ. कुंभक जाणत्या शिक्षकासमोरच, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. कापूस कोणी करून बघितला तर अंतर बोटांत सांगा, सेंटीमीटरमध्ये नको, प्रत्येकाचं अंगुळ वेगळं असतं.