पी१६चा अहवाल हाती येईपर्यंत

यजमानांच्या मानेत न दुखणारी गाठ आली, सुईच्या तपासणीत ती कर्करोगाची निघाली आणि मूळ दुखणे टॉन्सिलमध्ये असल्याचे बायोप्सीत दिसले. त्यांनी तंबाखूला कधी हात लावलेला नाही, त्यामुळे हे झालेच कसे, या एकाच प्रश्नाभोवती आम्ही फिरत होतो. डॉक्टरांनी मात्र आधी विचारले, पी१६ केले आहे का? पी१६ हे पेशीतले एक प्रथिन; बायोप्सीच्या तुकड्यावर रंग चढवून ते तपासतात.

ते केलेले नव्हते. त्यासाठी पहिल्या प्रयोगशाळेतून मेणाचा ब्लॉक सोडवून आणावा लागला. प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटवर पांढरट मेण, त्यात नखाएवढा मांसाचा तुकडा आणि कडेला नंबर, एवढीच ती वस्तू. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळेल, असे काउंटरवरच्या मुलीने दोनदा बजावले.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले की टॉन्सिलचा कर्करोग घडवू शकणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूचे ई७ हे प्रथिन पेशीच्या वाढीवरचा आरबी नावाचा लगाम निकामी करते आणि त्याचा परिणाम म्हणून पेशीत पी१६ भरमसाट साठते. म्हणजे पी१६ ही विषाणूची अप्रत्यक्ष खूण आहे. किमान ७० टक्के कर्कपेशींत ठळक रंग चढला, तरच अहवाल पॉझिटिव्ह धरतात. विषाणू नसतानाही काही रुग्णांत हा रंग चढतो, म्हणून त्यांनी त्याच ब्लॉकवर एचपीव्हीची थेट तपासणीही सांगितली. खर्च वाढला, पण अर्धवट माहितीवर विसंबण्यापेक्षा ते बरेच, असे मला आजही वाटते.

दोन्ही अहवाल पॉझिटिव्ह आले. गाठी एकाच बाजूला, सहा सेंटिमीटरच्या आतल्या, पण एकाहून अधिक होत्या. पी१६ निगेटिव्ह असते तर हाच आजार चौथ्या टप्प्यात गणला गेला असता, तो २०१७ सालापासूनच्या नव्या वर्गीकरणानुसार पहिल्या टप्प्यात बसला. तेव्हा उपचारही हलके होतील, अशी आमची समजूत झाली. परंतु सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरे औषध देऊन पाहिलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत रुग्ण जगण्याचे प्रमाण घटले होते, म्हणून डॉक्टरांनी ३५ बैठकांत ७० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचार आणि सोबत सिस्प्लॅटिन हेच कायम ठेवले.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे कळल्यावर नात्यातल्या काहींनी नको ते प्रश्न विचारले. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि तो कुणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही, एवढे उत्तर देऊन मी तो विषय बंद केला. किरणोपचाराआधी दात तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे पुढची चिठ्ठी दंतवैद्यांच्या नावाची होती.