तुम्ही विचारलंत म्हणून : खेड्यातल्या कॉलेजात ‘कॉलेज लाइफ’ असतं का?

शहरातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, “तीनशे-चारशे पोरांचं हे कॉलेज, इथं कसलं आलंय कॉलेज लाइफ?” असतं. फक्त ते एसटीच्या वेळापत्रकात बसवावं लागतं. नाही बसवलं, तर ते गावातल्या आणि मोटरसायकलवाल्या पोरांपुरतंच उरतं; मुली त्यातून आपोआप गळतात.

लांबच्या वाड्यांवरची पोरं पहाटे मुक्कामी गाडीनं निघतात आणि दुपारी दोन-अडीचच्या गाडीनं परततात. मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, शिवाय बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. मग रोज वडापला, म्हणजे खासगी जीपला, पैसे कोण घालणार? त्यामुळे मैत्रीही गाडीनुसारच जमते. वर्गात नीट बघितलंत तर एका गाडीची पोरं एका बाकावर दिसतील. दुसऱ्या रस्त्यावरच्या पोराचं नावसुद्धा वर्ष संपत आलं तरी ठाऊक नसतं.

म्हणून गॅदरिंग संध्याकाळी ठेवू नये. साडेदहाला पडदा उघडायचा आणि दोनच्या आत बक्षीस समारंभासकट आटपायचं. तेवढ्या वेळात चार-पाच मिनिटांचे २० कार्यक्रम बसतात, त्याहून जास्त घेऊ नयेत. पाहुण्यांचं भाषण आधी ठेवलं की सगळं गडगडतं. ते मध्ये, १० मिनिटांचं. तालीम तास सुटल्यावर नाही, मधल्या सुट्टीला जोडून. उशीर होणारच असेल तर आठ-दहा दिवस आधी आगार व्यवस्थापकांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्यावं, आणि त्यात कोणत्या मार्गावर किती विद्यार्थी हे आकड्यांत लिहावं. ‘जादा गाडी मिळावी ही विनंती’ एवढंच लिहिलेलं पत्र फायलीतच राहतं.

पण मनापासून सांगायचं तर पोरं खरी एकत्र येतात ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली. सात दिवस दत्तक गावात मुक्काम, साधारण ५० स्वयंसेवक. वर्षातले हेच सात दिवस असे, की परतीच्या गाडीकडे कुणाचा डोळा नसतो.

त्यातला वनराई बंधारा, म्हणजे नाल्याचं पाणी अडवायला मातीच्या पोत्यांचा घातलेला तात्पुरता बांध, आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. सहा मीटर रुंद नाल्यावर मीटरभर उंचीचा बांध घालायला सिमेंटची दोनशे-अडीचशे रिकामी पोती लागतात. आधी तळातले गोटे आणि वाळू काढून कठीण थर गाठायचा, नाहीतर पाणी खालून निघून जातं. पोतं पाऊणच भरायचं आणि सुतळीनं शिवायचं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे, फटींत चिकणमाती ठोकायची. सगळ्यात मोठी चूक मात्र तारखेची होते. परीक्षा उरकून शिबिर जानेवारीत घेतलं, तर बऱ्याच नाल्यांची धार तोवर आटलेली असते आणि बांध कोरडाच राहतो. वाहतं पाणी हवं असेल तर दिवाळीच्या आसपासची तारीख धरावी.

पोती उचलायला एकामागे एक ओळ लागते. गट पाडताना एका गाडीची, एका आळीची, एका जातीची पोरं एकत्र राहणार नाहीत असे पाडावेत आणि यादी पहिल्या दिवशीच लावावी. ओल्या मातीचं पोतं हातातून हातात जाताना ‘धर’, ‘सोड’ म्हणावंच लागतं. तिथं अबोला टिकत नाही. चार दिवसांत तीच पोरं पंगतीतही शेजारी बसू लागतात.

स्वयंपाकाचंही तसंच. ६० माणसांच्या नाश्त्याला पाच-सहा किलो पोहे, एका जेवणाला सहा किलो तांदूळ आणि अडीच-तीन किलो डाळ. भाकरीसाठी गावाशी आधी बोलून घरटी पाच ठरवून घ्याव्यात. चुलीची पाळी सगळ्या गटांना फिरती हवी. मुलींना स्वयंपाकघरात आणि मुलांना बंधाऱ्यावर धाडलं तर शिबिर घेऊन काहीच साधलं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलं पहिल्या दिवशी भात करपवतात, तिसऱ्या दिवशी नीट करतात.

मुलींची संख्या कमी पडते ती मात्र कामाच्या भीतीनं नाही, रात्रीच्या मुक्कामामुळे. नुसतं संमतिपत्रक घरी धाडलं की सही होत नाही. पंधरा दिवस आधी कॉलेजातल्या बाईंनी स्वतः घरी जावं, आणि मुक्कामाला कोणत्या बाई असणार ते सांगावं. त्याआधी मुली जिथं झोपणार ती गावातल्या शाळेची खोली जाऊन बघितलेली असावी : कडी आतून लागते का, संडासात पाणी आहे का, तिथवर जायच्या वाटेवर दिवा आहे का. मुलीची आई हेच तीन प्रश्न विचारते.